खांबावरचा ठोका

देवळालीला तोफांचा सराव सुरू असला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. माहेर भगूरचं, सासर लॅम रोडवर, म्हणजे सगळं आयुष्य त्या आवाजातच गेलं. पण काचा थरथरतात याकडे माझं लक्ष गेलं ते 2015 च्या फेब्रुवारीत. मणिपूरहून तीन बायका आमच्याकडे पाहुण्या आल्या होत्या. पोहे होऊन चहा चालला होता, मधे द्राक्षांची ताटली, आणि लांबून धप्प असा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. मी कपबशा गोळा करत होते, मला तो ऐकूही आला नसावा. वर बघते तर इंफाळच्या इमांचा (इमा म्हणजे तिकडच्या भाषेत आई) हात घडावर तसाच थांबलेला. उखरुलच्या शिक्षिका खिडकीकडे बघत होत्या. आणि तिसऱ्या, चुराचांदपूरच्या ताई, काही न बोलता उठल्या, दाराशी गेल्या, पायांत चपला घातल्या आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. "काही नाही हो, देवळालीला फायरिंग चालू आहे," आमचे हे हसत म्हणाले. तिघींनीही समजल्यासारखी मान हलवली. सराव दुपारी थांबला, तोवर त्या ताई घरभर चपला घालूनच वावरल्या. स्वयंपाकघरातसुद्धा. सासूबाई होत्या तेव्हा. त्यांनी एकदा त्या चपलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चक्क काही बोलल्या नाहीत.

आधीच्या नोव्हेंबरात आम्ही नाशिकची माणसं त्यांच्याकडे जाऊन आलो होतो. शिष्टमंडळ म्हटलं की हार, शाली आणि कलेक्टरला दिलेलं निवेदन डोळ्यांपुढं येतं. आमचा गट तसा नव्हता. दोन निवृत्त मास्तर, एक वकील, बँकेतून नुकतीच सुटलेली मी, कॉलेजातली दोन पोरं आणि दिंडोरीच्या एक ताई. या ताईंनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं, एवढ्याच भांडवलावर त्यांना आम्ही बरोबर घेतलं. जातोय कशाला असं कुणी विचारलं की आम्ही "शिकायला" म्हणायचो. त्यावर नातेवाईक ज्या नजरेनं बघायचे, ती अजून आठवते. माझा भाचा तोफखान्यात. तो फोनवर म्हणाला, "मावशी, तिथल्या बायकांच्या नादी लागू नकोस, त्या गाड्या अडवतात." मी म्हटलं, तेच बघायला चाललेय.

इंफाळला पोचल्यावर पहिला धडा बाजारात. इमा कैथेल, म्हणजे आयांचा बाजार, याबद्दल ऐकलेलं होतंच, पण हजारो बायका आणि गल्ल्यावर एकही पुरुष नाही, हे डोळ्यांनी बघणं निराळं. फनेक नेसलेल्या, कपाळापासून नाकापर्यंत चंदनाची रेघ ओढलेल्या म्हाताऱ्या ओट्यांवर मांडी घालून बसलेल्या. सुक्या मासळीचा, न्गारीचा म्हणजे आंबवलेल्या मासळीचा वास असा की आमच्या मास्तरांनी रुमाल काढला आणि मग लाजून परत खिशात घातला. तिथंच इमांनी 1939 ची गोष्ट सांगितली. तांदूळ बाहेर जात होता, मणिपुरात भाव कडाडले होते, आणि याच बाजारातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्याला ते नुपी लान म्हणतात, बायकांचं युद्ध. त्याआधी 1904 मध्येही एक झालं होतं, इंग्रजांच्या वेठबिगारीविरुद्ध. दिंडोरीच्या ताई ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडं कांद्याची निर्यात बंद केली म्हणून रस्ता रोको, आन् तुमच्याकडं निर्यात चालू ठेवली म्हणून!" दुभाषी पोरीला हे मैतेईत, म्हणजे तिथल्या खोऱ्यातल्या भाषेत, सांगताना बराच वेळ लागला. पण इमा हसल्या, शेजारच्या ओट्यावरच्या बाईला त्यांनी ते सांगितलं, तिनं पलीकडच्या ओट्यावर.

मैरा पैबी म्हणजे मशाल घेतलेल्या बायका, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. आम्हाला ठाऊक नव्हती ती त्यातली रोजची पाळी. प्रत्येक लैकाईत, म्हणजे मोहल्ल्यात, एक छोटी शेड असते. संध्याकाळी जेवणं उरकली की बायका तिथं येऊन बसतात. कुणी लोकर विणतं, कुणी सुपारी कातरतं, सुनांच्या कागाळ्या चालतात, घोरणंही चालतं. आम्हीही एका रात्री बसलो. मला वाटलं होतं भाषण होईल, घोषणा होतील. काहीही झालं नाही. थंडी कडाक्याची, शेकोटीचा धूर डोळ्यांत, आणि इमा शांतपणे माझ्या हातातल्या बांगड्या मोजत होत्या. मग त्यांनी विजेच्या खांबाच्या बुडाशी पडलेला एक दगड दाखवला. गल्लीत फौजेची नाहीतर पोलिसांची गाडी शिरली, कुणा पोराला उचलायला लागले, की बायकांनी तो दगड उचलायचा आणि लोखंडी खांबावर ठोकायचा. ते ऐकून पुढच्या खांबावर, तिथून पुढच्या. पाचेक मिनिटांत अख्खी लैकाई जागी. मी तो दगड हातात घेऊन पाहिला. वरवंट्याएवढा. एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेला.

या चळवळीचं मूळ दारूतच आहे. सत्तरच्या दशकात दारुड्यांना रात्री पकडणाऱ्या बायकांची निशाबंदी चळवळ होती, कंदील घेऊन फिरायची. 1980 च्या सुमारास अफ्स्पाचा, म्हणजे फौजेला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याचा, फास आवळला आणि त्याच बायकांनी कंदिलाच्या जागी मशाल घेतली. 1991 मध्ये राज्यात दारूबंदीचा कायदाही झाला. हे कळल्यावर दिंडोरीच्या ताईंना कंठ फुटला. उभी बाटली, आडवी बाटली म्हणजे काय, हे त्यांनी इमांना पाण्याची बाटली जमिनीवर उभी-आडवी करून समजावलं. आपल्याकडे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण. म्हणजे मेलेली आणि मुंबईला गेलेलीसुद्धा दारूच्याच बाजूनं मोजली जाते. इमांना हे अजिबात पटेना. "मत कशाला? दुकानापुढं बसायचं," म्हणाल्या. त्यावर या म्हणाल्या, "बसलो होतो की! पोलीस आले." "आमच्याकडेही येतात," इमा म्हणाल्या, आणि दोघी अशा हसल्या की झोपलेल्या बायका उठून बसल्या.

उखरुलच्या रस्त्यावर आमची गाडी आसाम रायफल्सच्या चौकीपाशी थांबवली गेली. सगळे खाली. पिशव्या उघडा. आमचं आपसातलं मराठी ऐकून एक पोरगेला जवान जवळ आला. "कुठले म्हणायचे तुम्ही?" हा चांदवडकडचा निघाला. झालं, सगळ्यांना आनंदाचं भरतं आलं. आमच्या मास्तरांनी चिवड्याचं पाकीट त्याच्या हातात कोंबलं, त्याच्या गावातलं कोण कुणाचं कोण हे निघालं, फोटो झाला. हे चाललं असताना इमा पाच पावलांवर उभ्या होत्या. त्यांची कापडी पिशवी दुसऱ्या जवानानं बोनेटवर उलटी केली होती. विड्याची पानं, औषधाची पट्टी, आमच्यासाठी घेतलेली काळ्या तांदळाची पुडी. त्या एकेक वस्तू परत भरत होत्या. भरून झाल्यावर आमच्याजवळ आल्या आणि दुभाषी पोरीकडून म्हणाल्या, "विचार त्याला, सुट्टी कधी आहे?" तो म्हणाला, डिसेंबरात, बहिणीचं लग्न आहे. इमा म्हणाल्या, "लवकर जा म्हणावं. आणि सगळ्यांना बरोबर ने." जवान लाजून हसला. आम्हीही हसलो. त्यात माया होती की टोमणा, यावर परतीच्या विमानात आमच्यात वाद झाला. वकील म्हणाले, उघड टोमणा. मला दोन्ही वाटतं. सुनेला "माहेरी जाऊन ये हं चार दिवस" म्हणणाऱ्या सासवा मी पाहिल्यात.

कांगला किल्ल्याच्या पश्चिम दरवाजापाशी आम्ही गेलो तेव्हा आत शाळेची सहल चालली होती. 2004 पर्यंत किल्ल्यात आसाम रायफल्सचं ठाणं होतं. त्या वर्षीच्या जुलैत थांगजम मनोरमाला रात्री घरातून उचलून नेलं, सकाळी तिचं प्रेत सापडलं, आणि 15 जुलैला बारा बायका या दरवाजासमोर विवस्त्र उभ्या राहिल्या. त्यानंतर काही महिन्यांतच फौजेनं किल्ला सोडला. हे सगळं आम्ही वाचून गेलो होतो, फोटोही पाहिला होता. इमा त्या बारा जणींमध्ये नव्हत्या, पण त्यांतल्या काहींना ओळखत होत्या. त्यांच्या तोंडून ऐकलं ते एवढंच की त्यांतल्या बऱ्याच जणी घरी काही न सांगता निघाल्या होत्या. संध्याकाळी घरी परतल्यावर नवऱ्यासमोर, मुलांसमोर, सुनेसमोर कसं उभं राहायचं? दरवाजासमोर उभं राहणं सोपं होतं त्यापेक्षा, इमा म्हणाल्या. आमच्यातला एकही माणूस त्यावर बोलला नाही. बोलण्यासारखं होतं काय.

दुसऱ्या दिवशी चकमकीत मारल्या गेलेल्यांच्या विधवा भेटल्या. विणकाम करता करता त्या बोलत. त्यांच्या संघटनेनं 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात यादी दिली होती, 1,528 जणांची, खोट्या चकमकींत मारले गेल्याचा आरोप करून. कोर्टाचा महत्त्वाचा निकाल पुढं 2016 मध्ये आला आणि 2017 मध्ये सीबीआय चौकशीचा आदेश निघाला; पण आम्ही गेलो तेव्हा हातात होत्या फक्त फायली. एकीनं आपली फाईल उघडून दाखवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, आत नवऱ्याचं रेशन कार्डावरचं नाव, शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीसाठी केलेल्या अर्जाची पोच. आमच्या बँकेत कर्जासाठी असेच कागद घेऊन बायका यायच्या. मी सवयीनं ते कागद तारखेनुसार लावून दिले. ती बघत राहिली. मग तिनं ते परत पहिल्यासारखे लावले. तिचा क्रम निराळा होता.

उखरुलला ज्या शिक्षिकेकडे उतरलो होतो, तिनं चुलीपाशी बसून जुन्या काळची एक रीत सांगितली, आणि सगळ्या प्रवासातून मी काही आणलं असेल तर ते हेच. तांगखुल नागांमध्ये पूर्वी गावागावांत लढाया व्हायच्या, मुंडकी मारण्यापर्यंत मजल जायची. माहेर एका गावात आणि सासर दुसऱ्यात, अशी बाई मधे येऊन उभी राहू शके. तिला पुक्रेला म्हणत. तिच्यावर शस्त्र उगारायचं नाही, हा दोन्हीकडचा नेम. रणातली प्रेतं तीच उचलून आणी, लढाई थांबवायचा निरोप तीच नेई. मी विचारलं, घाबरत नसे ती? शिक्षिका म्हणाल्या, "घाबरत असेलच. पण एका बाजूला भाऊ, एका बाजूला नवरा. जाणार कुठं?"

जाणार कुठं.

आपल्याकडे हे शब्दांत कुणी मांडलेलं नसलं तरी प्रत्येक घरात घडलेलं असतं. बांधावरून भावकी पेटते, कोर्टात तारखा पडतात, पोळ्याला बैल एकमेकांच्या दारावरून नेत नाहीत, पण चुलतबहीण माहेरपणाला आली की ती दोन्ही घरी जेवते. तिला कुणी अडवत नाही. माझ्या आईनं भगूरला असे किती निरोप इकडून तिकडे नेले असतील, त्याला गणती नाही. तिला कुणी शांतता कार्यकर्ती म्हटलं असतं तर तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं असतं. तिच्या निरोपांत गोड काही नसे. "तो म्हणतो विहिरीचं पाणी देईन, पण मोटार तुमची." असला व्यवहार. त्यासाठी एकच अट होती, दोन्ही घरांत तिचा पाट मांडलेला असला पाहिजे.

तर फेब्रुवारीत त्या तिघी नाशिकला आल्या. एक खोऱ्यातली मैतेई, दुसऱ्या दोघी टेकड्यांवरच्या, एक तांगखुल, एक कुकी, आणि आमच्या हॉलमध्ये तीन गाद्या शेजारी शेजारी. कुंभमेळ्यासाठी शहरभर रस्ते खोदून ठेवलेले, धुळीनं इमांना खोकला झाला, तर चुराचांदपूरच्या ताईंनी रात्री त्यांच्या छातीला तेल चोळलं. मिसळ दोघींना आवडली, उखरुलच्या शिक्षिका म्हणाल्या, मिरची कमी आहे. काळारामाला नेलं, 1930 च्या सत्याग्रहाची गोष्ट सांगितली, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, पाच वर्षं चाललेला तो लढा. त्यात बायकाही होत्या म्हटल्यावर तिघींनी एकदमच विचारलं, त्यांची नावं काय? मास्तर इकडे तिकडे बघायला लागले.

मग परिचयाच्या कार्यक्रमात, गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात, एका श्रोत्यानं विचारलं, "नाशिक शांत शहर आहे, आम्ही तुमच्याकडून काय घ्यावं?" चुराचांदपूरच्या ताईंनी सावकाश उत्तर दिलं. म्हणाल्या, "इथे तोफा वाजल्या तर तुम्हाला ऐकू येत नाही. ते चांगलं आहे. पण भांडण वाजलं तर ऐकणारं कोण ठेवलंय?" टाळ्या पडल्या. उत्तर कुणी दिलं नाही.

ते पुढच्याच वर्षी ऐकू आलं. 2016 च्या ऑक्टोबरात त्र्यंबक रस्त्यावरच्या गावांत जातीवरून भडका उडाला, ते सगळं इथं पुन्हा सांगत नाही. बस जळल्या, मोबाइलचं नेट बंद झालं, आणि एका गावातल्या दोन वस्त्या एकमेकांकडे पाठ करून बसल्या. आमचा गट तिकडे जाऊन आला. शिकून आलेली मंडळी ना आम्ही! दोन्ही वस्त्यांत चहा मिळाला, दोन्हीकडे माणसं मन मोकळं करून बोलली, आणि आमच्या हातून काडीचंही काही झालं नाही. मधे उभं राहायला आमचं तिथं ना माहेर ना सासर. ज्या अंगणवाडीच्या मदतनीस दोन्ही वस्त्यांतली पोरं एकाच पातेल्यातल्या खिचडीला बसवत होत्या, त्यांना कुणी बैठकीला बोलावलंच नव्हतं. बैठकीला सरपंच होते, पीआय होते आणि आम्ही होतो.

3 मे 2023 ला मणिपुरात मैतेई आणि कुकी यांच्यात हिंसाचार पेटला, त्यानंतरचं मात्र लिहिताना हात अडखळतो. अडीचशेच्या वर माणसं गेली, साठ हजार बेघर झाली. चुराचांदपूरच्या ताईंच्या मुलाचं इंफाळमधलं घर जाळलं. इमांची बहीण तोरबुंगची, तिचं घरही जाळलं, ती बिष्णुपूरला बेघरांच्या छावणीत. आणि ज्यांच्या खांबावरच्या ठोक्याचं मला इतकं कौतुक, त्या मैरा पैबी आता रस्ते अडवत होत्या ते एकाच बाजूसाठी. जूनमध्ये इथाम गावात बायकांच्या पुढाकारानं हजारावर लोकांचा वेढा पडला आणि फौजेला पकडलेले बारा हत्यारबंद सोडून द्यावे लागले. अत्याचार झालेल्या काही कुकी मुलींनी तर मैरा पैबींवरच आरोप केले. टेकड्यांवर कुकी बायकांनीही रस्ते धरले, चुराचांदपूरच्या तुईबोंगला रिकाम्या शवपेट्या मांडून त्या काळ्या कपड्यांत बसल्या. मी टीव्हीसमोर बसून भाच्याचं वाक्य आठवत होते. गाड्या अडवतात. अडवत होत्याच. तो दगड तोच होता, खांबही तेच. पण ठोका ऐकून जागी होणारी लैकाई फक्त आपल्या माणसांची होती. आधीही तशीच होती का? त्या रात्री शेकोटीपाशी चुराचांदपूरच्या ताई नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी इमांना फोन केला. नेट बंद, आवाज तुटक. त्यांनी बहिणीचं सांगितलं, शिव्याही दिल्या, कुकींना, दिल्लीला, मुख्यमंत्र्याला. त्या शिव्या मी ऐकून घेतल्या. आणि फोन ठेवताना म्हणाल्या, "तिच्या गुडघ्यांचं काय? ऑपरेशन केलं का?" ती म्हणजे कोण, ते मला विचारावं लागलं नाही. मी चुराचांदपूरला फोन लावला, गुडघ्यांची चौकशी केली, आणि कुणी करायला सांगितली तेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग ताई म्हणाल्या, "तिला माझ्याबद्दल काही सांगू नका." मी इमांना काही सांगितलं नाही. इमांनी त्यानंतर दोनदा विचारलं.

हे लिहायचं कारण, आमच्या गटात पुन्हा जायचं घाटतंय. पहिल्या खेपेला उठून गेलो होतो तसं आता होत नाही. 2020 पासून बाहेरच्या माणसांना मणिपूरला जायला इनर लाइन परमिट, म्हणजे प्रवेशाचा परवाना, लागतं. त्यातून खोऱ्यातल्या मैतेईंनी कुकींच्या टेकड्यांवर जायचं नाही आणि कुकींनी इंफाळात यायचं नाही, मधे फौजेच्या चौक्या. इंफाळहून चुराचांदपूर साठेक किलोमीटर, पण तिथली माणसं विमान पकडायला मिझोराममधून ऐजॉलपर्यंत दिवसभराचा डोंगररस्ता तुडवतात. वकिलांनी कागदावर दोन गट पाडले, एक इंफाळमार्गे, एक ऐजॉलमार्गे, दोन्हींची परमिटं वेगळी, खर्च वेगळा. मास्तर म्हणाले, म्हणजे आपणच फाळणी करून जायची. बराच वेळ खडाजंगी झाली. माझं म्हणणं असं होतं की पुन्हा शिकायला वगैरे जाऊ नये, छावण्यांना काय हवं ते विचारून तेवढं पाठवावं. दोन्ही बाजूंना हेलपाटे मारून परत आपल्या घरी येऊन लेख लिहायचा, त्यापेक्षा ते बरं. माझं हे मत अजून बदललेलं नाही.

कॉलेजातल्या त्या पोरांपैकी एक आता पत्रकार आहे. तो म्हणाला, मधली चौकी ओलांडणारी माणसं अजून आहेत. पांगल, म्हणजे मणिपुरी मुसलमान ड्रायव्हर. मैतेई नाहीत, कुकी नाहीत, म्हणून दोन्हीकडच्या चौक्यांवर त्यांना सोडतात. औषधं, माल, कधी माणसंही तेच नेतात-आणतात. भाडं अर्थात दणकून घेतात.

दिंडोरीच्या ताई इतका वेळ गप्प होत्या. द्राक्षाची छाटणी अर्धवट टाकून आल्या होत्या, हाताला अजून पेस्टचा वास येत होता. "किती घेतो?" त्यांनी विचारलं. पोरानं अंदाजे आकडा सांगितला. त्यांनी मनाशी हिशेब केला. "मंग परमिटं नंतर काढा," त्या म्हणाल्या. "आधी त्या ड्रायव्हरचा नंबर आणा, त्याच्याशी बोलू."